षष्ठीची पाऊणपट: खाडीकाठच्या मतदानाला केलेला प्रवास

ठाण्याच्या कचेरीतून बोलावणं आलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना झाली. वडील म्हणाले, "खाडीकडे? मुक्कामाला?" मी तोवर पिशवी भरायला घेतली होती.

सत्तावन्न सालची निवडणूक, देशातली दुसरीच. मी बावीस वर्षांची. शाळा चौथीत सुटलेली, पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवलेलं. संध्याकाळी आळीतल्या बायकांना अक्षरओळख करून द्यायचे, एवढ्या भांडवलावर कचेरीने मला केंद्रावर बायकांच्या मदतीला नेमलं. आज नव्वदीला टेकले, पण तो प्रवास अजून पायांना आठवतो. त्या बाजूला जायचा विचार असेल त्यांच्यासाठी, आणि नसेल त्यांच्यासाठीही, लिहिते आहे.

आदल्या दिवशी दुपारी ठाण्याहून निघालो. केंद्राध्यक्ष पाटणकर भाऊसाहेब, कचेरीतले जुने कारकून; एक शिपाई आणि मी. सोबत मतपेट्या, कारण तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, वर त्याच्या निशाणीचं चित्र चिकटवलेलं. डोंबिवलीपर्यंत गाडीने, तिकीट काही आण्यांचं. स्टेशनाबाहेर पडलं की घरं थोडी आणि भाताची कापलेली शेतं फार. तिथून बैलगाडी. रस्ता कसला, बांधांवरून काढलेली वाट. पेट्या इतक्या खडखडत होत्या की बैलही मागे वळून बघत. पाण्याची बाटली आणि जाड चपला घेतल्याशिवाय निघू नये, हे तेव्हाही खरं होतं.

केंद्र म्हणजे बंदराच्या पायऱ्यांजवळची एका खोलीची शाळा. भोवती कुंपण नाही, चारी बाजूंनी मिठागरं, आणि पांढऱ्या ढिगांवर उन्हाची तिरीप. समोर खाडी, पलीकडच्या काठावर मिठागरात राबणाऱ्या आगरी लोकांचा पाडा. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट. त्या चवीची सुकट मी पुन्हा खाल्ली नाही.

जेवताना होडीवाला पोशा आला आणि उंबऱ्यातच बसला.

"सायेब, पुरुष पहाटंच्या भरतीला येतीन, होडीन तेवडीच जागा. पन बायकांची होडी तुमी नवाला लिवलीय. नवाला खाडीन चिखल असतो."

भाऊसाहेबांनी कागद काढला. कचेरीने खरंच नऊ लिहिलं होतं.

"मग पाणी कधी?"

"तिथीची पाऊणपट केली का भरतीची येल. उद्या सष्ठी, म्हंजे सा. साची पाऊणपट साडेचार. साडेचारला समिंदर भरला, की इतक्या आत पानी यायला आनखी सवा तास." बोटांवर हिशेब करून त्याने मान हलवली. "त्यात भांगाचां, लहान भरतीचां पानी, जोर नाय. पाचाच्या आत होडी पायरीला लागल का, सांगता येत नाय."

"मतदान आठ ते पाच. दिल्लीपासून इथवर एकच वेळ."

"दिल्लीन खाडी हाय का?"

मला हसू फुटलं. भाऊसाहेब हसले नाहीत. पोशा मग हळू आवाजात म्हणाला, "माझी आय हाय त्या होडीन. भागी. मागच्या येलंला पाचानंतर पोचली. दार बंद. पाच वरसां बोलतं, मना फुडच्या टायमाला नेशील ना? आता सत्तरीची हाय. घड्याल जरा मागं करा ना सायेब."

भाऊसाहेबांनी खिशातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. "पोशा, आज तुझ्या आईसाठी मी पाच मिनिटं मागे घेतली, तर उद्या दुसरा कुणीतरी कुणालातरी अडवायला पाच मिनिटं पुढे घेईल. वेळ माझी नाही रे."

पोशा उठला आणि होडीकडे गेला. मला भाऊसाहेबांचा रागच आला.

सकाळी सात वाजता बघते तर भाऊसाहेब धोतर खोचून, चुन्याची बादली घेऊन वाकलेले. शाळेभोवती रेषा आखत ते थेट बंदराच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले. उमेदवारांची माणसं जमली होती. एकाने टोमणा मारला, "भाऊसाहेब, आट्यापाट्या खेळायच्या का?"

"हो. म्हणून खेळ सुरू व्हायच्या आधी आखतोय. पाचाच्या ठोक्याला या रेषेच्या आत जो असेल, तो मत देईल. कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती. कोण कुणाला मत देणार, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं ना! सगळ्यांनी कागदावर सह्या केल्या. माझा राग तिथेच विरघळला.

दिवस सरळ गेला. पुरुष मतं देऊन कामाला लागले. चार वाजता पाणी चढू लागलं, साडेचारला पलीकडून होडी सुटली. अकरा बायका, रंगीत लुगडी. मी पायरीवर उभी. आणि पाचाला दहा कमी असताना, पायरीपासून चाळीसेक पावलांवर होडी रुतली. पोशाने बांबू रेटला, जागची हलेना. अर्ध्या तासाने तीच होडी आपोआप तरंगली असती. पण अर्धा तास होता कुणाकडे?

"उतरा गो!" कुणीतरी ओरडलं. कासोटे वर खोचून एकेक जण चिखलात उतरली. मी पाऊल पुढे टाकलं तशी मागून भाऊसाहेबांचा आवाज आला, "बाई, तुमची जागा रेषेच्या आत." मी तिथूनच हात पुढे केले. एकेकीला ओढून घेत होते.

पोशा आईपुढे पाठ करून वाकला. म्हातारीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मना मिठाचां पोतां समजलास? जलम चिखलान गेला माझा." आणि निघाली. घाई नाही, थांबणं नाही. मिठागरातल्या पायांना कुठे टेकायचं ते बरोबर ठाऊक होतं. भाऊसाहेब घड्याळाकडे बघत होते, तिच्याकडे नाही.

तिचा हात माझ्या हातात आला, पाय पायरीवर पडला. दोन श्वासांनी भाऊसाहेब म्हणाले, "पाच."

रांग बंद करताना चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटत येतात, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. पहिली चिठ्ठी भागीला मिळाली.

तिने मत दिलं तेव्हा शाळेच्या फरशीवर चिखलाची पावलं पेट्यांपर्यंत गेली होती. बाहेर खाडी भरली होती, होडी पायरीला टकटकत होती. होडीत चढताना तिने विचारलं, "आता परत कवा?"

"पाच वर्षांनी, आजी."

"बरां. तवा भरतीची तित बगून ठेव गो बाय."

परत ठाण्याला आल्यावर आईने माझं लुगडं तीनदा धुतलं, चिखलाचा काठ गेला नाही. वडिलांनी विचारलं, काय पाहिलंस? मी म्हटलं, घड्याळ न हलवता माणूस किती करू शकतो ते पाहिलं. भाऊसाहेबांनी अहवालात नऊच्या होडीची चूक स्वच्छ लिहिली आणि शेवटी पाऊणपटीचा हिशेबही. पुढे कुणी वाचला का, मला माहीत नाही.

आता खाडीवर पूल आहेत, मिठागरांच्या जागी इमारती. जायचं तर षष्ठीला चारनंतर जा, पाणी चढताना दिसेल. मतदानाचा आता भरतीशी काही संबंध उरला नाही. तरी निवडणुकीची तारीख जाहीर झाली की मी भिंतीवरचं कॅलेंडर काढते, तिथी बघते आणि तिची पाऊणपट करते. भागीने सांगून ठेवलंय.