नापास होण्याची तयारी

माझ्या मावसबहिणीइतकी मनापासून नापास होण्याची तयारी करणारं माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात दुसरं सापडायचं नाही. अभ्यास काय, सगळेच करतात. ती अभ्यास उरकून वर नापासाचीही तयारी करी. दहावीनंतर ती गावाहून, म्हणजे धावड्याहून, नवीन जालन्यात आमच्याकडे राहायला आली, ती डॉक्टर होण्यासाठी. आम्ही दोघी एकाच वर्गात, एकाच क्लासला, एकाच खोलीत. कुठलाही पेपर झाला की ती घराच्या पायरीवर बसे, पायातली चप्पलही न काढता, आणि "गेलं सगळं" म्हणून रडायला लागे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझे बाबा घाबरले. ते बँकेत नोकरीला; रडणारी माणसं त्यांनी काउंटरच्या पलीकडेच पाहिलेली. त्यांनी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आयुष्यात मार्कच सगळं नसतात वगैरे सांगितलं. निकाल लागला तेव्हा ती वर्गात पहिली होती, आणि मी कुठे होते ते सांगण्यासारखं नाही. पुढे पुढे बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारू लागले, "चहा आत्ताच टाकायचा, की तुझं रडून झाल्यावर?"

मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, तुला मार्क मिळतात, तरी कशाला रडतेस?" ती नाक पुसत म्हणाली, "आधी रडून घेतलं की मंग नंतरला कमी उरतं."

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव करून करून तिचा स्वभावच तसा झाला होता. चुकलं की मार्क कापतात, ही भीती पार स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली. आईनं "पोळी वाढू की भाकरी?" विचारलं की ही ताटाकडे बघत बसे. "दोन्ही बराबर वाटून राह्यलंय, मावशी." एकदा तिला मेथी नाहीतर पालक, जे चांगलं दिसेल ते आणायला धाडलं, तर ती बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतली. पक्कं नसेल तर प्रश्न सोडून द्यायचा, असं सरांनी शिकवलं होतं ना! नापास झाल्यावर शेळ्या पाळायच्या, हेही तिनं ठरवून ठेवलं होतं. कोणत्या जातीच्या, त्यांना गोठा कसा लागतो, सगळं ती मला अंथरुणात पडल्या पडल्या सांगे. रसायनशास्त्राइतकंच तिचं शेळ्यांचं वाचन दांडगं होतं.

मला हे सगळं गमतीचं वाटे, ते मी एका सुट्टीत तिच्याबरोबर धावड्याला जाईपर्यंत. एसटीतून उतरलो नाही तोच पारावरचे एक आजोबा धोतर वर सारून म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हा गुडघा पाहा बरं जरा." कुणी गोळीचं पाकीट पुढे केलं, एका म्हातारीनं तर तिच्या हातात आपलं मनगटच दिलं. "आजी, मी आत्ता अकरावीतच हाये," ती म्हणाली. "असू दे, पाहा की!" आणि ही खरंच नाडी धरून उभी राहिली, चेहरा पांढराफटक करून. नाडी म्हातारीची होती, पण धडधड हिचीच जास्त असावी. गावानं तिला डॉक्टर करून टाकलं होतं. परीक्षा तेवढी राहिली होती.

ती परीक्षा आम्ही दोघींनी बारावीनंतर दिली. बाबा केंद्राच्या फाटकाबाहेर पाण्याची बाटली घेऊन, रडणं गृहीत धरून उभे होते. ती आली. डोळे कोरडे. "बरा होता पेपर," एवढंच म्हणाली. बाबांचा बाटली पुढे केलेला हात तसाच राहिला. घरी आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "रडली का?" मी नाही म्हटलं. आई म्हणाली, "मग काहीतरी बिनसलंय गं."

मला तिनं काही दिवसांनी सांगितलं. फिजिक्सच्या एका प्रश्नावर ती अडली, आणि मग पुढच्या सगळ्या प्रश्नांचे सगळे पर्याय तिला सारखेच दिसायला लागले.

निकाल आला. माझा अपेक्षेप्रमाणे, तिचा कुणाच्याच अपेक्षेप्रमाणे नाही. तेव्हाही ती रडली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासू लागली. आईनं त्या दिवसापासून तिला एकटं सोडलं नाही. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली की मागोमाग माझी रवानगी व्हायची. ती न्हाणीघरात गेली की आई दाराबाहेर उभी राहून कांद्याचे भाव, शेजारणीची सून, सुचेल ते बोलत राहायची, आणि आतून हुंकार आला की पुढचं वाक्य सुरू करायची. मी एरवी हसले असते. पण आईचा हात कडीवर होता.

शेवटी आईनं फोन करून तिच्या वडिलांना बोलावलं. काका तसे अबोल. आले, पाणी प्यायले, तिच्यासमोर खाली बसले. तीच म्हणाली, "अण्णा, गावात काय सांगायचं?"

"काय सांगायचं? परीक्षा आल्ती, दिली."

"सारे वाट पाहून राह्यलेत."

"कोन पाहून राह्यलंय? लोकायचे गुडघे काय तुझ्यासाठी दुखायचे थांबलेत?" काका म्हणाले. "चाल घरी. माय जेवली न्हाई दोन दिसाची."

ती हसली. हसता हसताच तिचा आवाज फाटला, आणि ती काकांच्या खांद्यावर कोसळली. आई आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

आणखी एक वर्ष देऊन बघ, असं बाबांनी सुचवलं. तिनं नको म्हटलं. यावेळी पर्याय निवडायला तिला वेळ लागला नाही. आता ती भोकरदनला बी.एस्सी. करते, रोज धावड्याहून एसटीनं जाते-येते. मला संभाजीनगरला फार्मसीला जागा मिळाली. ते तिला कसं सांगावं, या विचारात मी फोन कितीदा उचलून ठेवला. सांगितलं तेव्हा ती खरंच आनंदली. तिला खोटं आनंदता येत नाही. मग तिनं विचारलं, "होस्टेलची खोली कशीये? खिडकी हाये का?"

"आहे," मी म्हणाले.

"काय दिसतं गं तिच्यातून?"

समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मी म्हटलं, "झाडं."

"बरंय मंग," ती म्हणाली.