न भागणारे शास्त्रीबुवा

संकठा घाटावरच्या आमच्या पाठशाळेत चार मास्तर चहाला बसले की नरहरशास्त्र्यांचा विषय निघायचाच. एक किस्सा सांगावा, तर शेजारचा म्हणणार, "हे काहीच नाही!"

मी व्याकरण शिकवायचो, ते गणित. जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या. असल्या संख्यांवर त्यांचा भारी जीव! पाच-पाच आकड्यांच्या मूळ संख्या त्यांना सोयऱ्यांसारख्या पाठ होत्या.

*

अहिल्याबाई घाटावर ब्राह्मणभोजन होतं. आचारी एकसष्ट पानं सारख्या ओळींत मांडता मांडता घामाघूम झाला. शास्त्रीबुवा खो-खो हसत म्हणाले, "अरे, ही मूळ संख्या! एकाच ओळीत बसव, नाहीतर एकाला घरी पाठव. मी जातो हवं तर, पण पुरणपोळ्या बांधून दे!"

*

एकदा शास्त्रीबुवांच्या घरी पाहुणे आले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, एवढ्यानं भागत नाही!"

शास्त्रीबुवा पाटी घेऊन धावले, "कितीनं भागून पाहिलंस?"

"पीठ म्हणतेय मी, पीठ!"

*

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. फळ्यावरचं दिसेना. विश्वस्त म्हणाले, आता गणिताचा वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देऊ. त्या दिवशी ते पहिल्यांदाच चहा न घेता उठले. "वर्ग गेला तर मी घाटावर बसून काय करू रे?" मला फार वाईट वाटलं.

शेवटी ठरलं, परीक्षा घ्यायची. उत्तर चुकलं तर वर्ग सोडायचा.

*

इंग्रज साहेबाच्या कॉलेजातले एक पंडितजी परीक्षक म्हणून आले. त्यांनी जुन्या ज्योतिषग्रंथांच्या रीतीनं संख्या शब्दांत सांगितली, "ग्रह, आकाश, आकाश, आकाश, चंद्र। बताइए शास्त्रीजी, इसमें किसका भाग लगता है?"

ग्रह म्हणजे नऊ, आकाश म्हणजे शून्य, चंद्र म्हणजे एक.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "नब्बे हज़ार एक। किसी का नहीं लगता। मूळ आहे!"

सभेत हशा पिकला. या रीतीत संख्या एकंस्थानापासून, म्हणजे उजवीकडून डावीकडे मांडायची असते, हे आमच्याकडे शेंडी राखल्यापासून शिकवतात! संख्या होती दहा हजार नऊ. विश्वस्तांनी मान हलवली.

"शास्त्रीजी, आपने तो उलटी पढ़ ली!"

शास्त्रीबुवा मिशीतल्या मिशीत हसले, "पढ़ ली होगी, पंडितजी। उधर से भी किसी का भाग नहीं लगता!"

पंडितजींनी पाटी मागवली आणि दोन्ही संख्या भागायला बसले. शास्त्रीबुवा घरी जाऊन जेवले, वामकुक्षी झाली, तरी यांचं चाललेलंच. संध्याकाळी आरतीची घंटा वाजली तेव्हा कुठे पंडितजींनी मान वर केली आणि विश्वस्तांना विचारलं,

"कल इनकी कक्षा कितने बजे लगेगी? मैं भी बैठूँगा।"