पहिला चेंडू शिवाशेठचा

पनवेलच्या आसपास कुठल्याही गावात क्रिकेटची टूर्नामेंट सुरू व्हायची, तर त्याची एक रीत ठरलेली आहे. नारळ फुटतो, शाली पांघरल्या जातात, आणि मग गावातला एखादा शेठ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बॅट घेऊन उभा राहतो. त्याला एक चेंडू टाकायचा. कसा टाकायचा हे बॉलिंग करणाऱ्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. हळू, सरळ, फुलटॉस, बॅटवरच पडेल असा. शेठ बॅट फिरवतो, चेंडू जातो कुठंतरी, माइकवाला बोंबलतो, "आणि हा शेठचा उत्तुंग षटकार!" टाळ्या पडतात, शेठ मंडपात जाऊन सरबत पितो आणि मग खरी टूर्नामेंट सुरू होते. शेठला ठाऊक असतं, पोरालाही ठाऊक असतं. कुणाची फसगत होत नाही.

एक विचुंब्याचा शिवाशेठ मढवी सोडला तर! हा गडी दर वर्षी तो चेंडू मारायचा आणि घरी येऊन बायकोला सांगायचा, "वेणू, नजर अजून शाबूत हाय माजी." वेणू म्हणायची, "हाय ना!" आणि भाकरी उलटायची.

गाव त्याला तोंडावर शेठ म्हणतं, आपण शिवा म्हणू. आणि एक गोष्ट आधीच सांगायला हवी, शिवा हा नुसता जमिनीच्या पैशावर शेठ झालेला माणूस नव्हे. तो चॅम्पियन होता, खराखुरा. बाप मिठागरात राबायचा, पोरगंही दाताळं ओढून मीठ गोळा करायचं. त्यानं मनगटं अशी तयार झाली की शाळेत कुणी त्याच्याशी पंजा लढवायला बसेना. पनवेलात अवधूत मास्तर म्हणून फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एका शाळेच्या व्हरांड्यात पोरांना बॉक्सिंग शिकवत. त्यांनी हे मनगट पाहिलं आणि शिवाला उचललं. पुढं लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्राचं सुवर्णपदक विचुंब्यात आलं. एकदा तर गावानं त्याची बैलगाडीतून मिरवणूक काढली आणि बैल बँडला बुजून थेट खाडीकडं पळाले, ती गोष्ट म्हातारे अजून पोट धरून सांगतात. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र उपांत्य फेरीत एका फौजी जवानानं त्याचा जबडा मोडला, आणि तिथं सगळं संपलं.

अवधूत मास्तरांचा एक नियम होता. लढत जिंकलास की आधी हरलेल्याकडं जायचं आणि त्यालाच विचारायचं, "माझं कुठं चुकलं?" शिवानं तो नियम मास्तर जाईपर्यंत पाळला. आपल्या पोरांनाही तोच शिकवला. हो, पोरं होती ना. खेळाडू म्हणून मिळालेली नोकरी संपली, जमिनी नव्या शहरात गेल्या, बदल्यात प्लॉट आले, करंजाड्यात इमारत उभी राहिली, पोट सुटलं, गळ्यात चेन आली. पण विचुंब्यात पत्र्याची शेड घालून त्यानं रिंग बांधली आणि रोज संध्याकाळी पोरांना फुकट शिकवलं. हे मात्र कुणीही नाकारू नये.

त्या शेडमधलं सगळ्यात चांगलं पोर म्हणजे सुशांत पोवार. हा गावचा नव्हे, करंजाड्याच्या सोसायटीतला, बाप बँकेत. वीस वर्षांचा, अबोल, पाय हलके. एकच खोड, जॅब म्हणजे डाव्याचा झटका ठोसा मारल्यावर तो हात गाल झाकायला वर न येता छातीपाशी रेंगाळायचा. "डावा वर! डावा वर!" करून शिवाचा घसा बसायचा. पण गेल्या वर्षभरात ती खोडही गेली होती, आणि यंदा राज्य स्पर्धेला त्याच्या वजनगटात सुशांतचंच नाव जायचं, हे शेडच्या पत्र्यांनासुद्धा माहीत होतं.

आणि नेमका शिवाचा साठावा वाढदिवस आला.

पुतण्या भावेशला निवडणुकीला उभं राहायचं होतं, त्याला निमित्तच हवं होतं. स्टेशनपासून विचुंब्यापर्यंत फ्लेक्स लागले. एका बाजूला ग्लोव्हज घातलेला पंचविशीतला शिवा, दुसऱ्या बाजूला गॉगल लावलेला साठीचा. मध्ये लिहिलेलं, 'चॅम्पियन कधी म्हातारा होत नाही'. शाळेच्या मैदानात रिंग उभारली आणि भावेशनं जाहीर केलं, शिवाशेठ आणि त्यांचा पट्टशिष्य, दोन राउंडची प्रदर्शनी लढत!

लढतीआधी भावेशनं सुशांतला मंडपामागं नेलं आणि खांद्यावर हात टाकून सांगितलं, "काकांचा वाढदिवस हाय. समजलास ना?" सुशांत समजला. आता ते पोर सोसायटीतलं असलं म्हणून काय झालं, टूर्नामेंटचा पहिला चेंडू त्यानंही पाहिलेला होता.

पहिल्या राउंडला सुशांत नुसता फिरत राहिला. दुसऱ्यात त्यानं जॅब टाकला आणि डावा हात छातीपाशी आला. शिवाचा उजवा सुटला, गालावर बसला, सुशांत एका गुडघ्यावर. पंचांनी मोजलं, सुशांत उठला नाही. डीजे दणाणला, फटाके लागले, भावेशनं काकांना उचलून घेतलं. शिवा लहान पोरासारखा रडला. अंगावर मूठभर मांस चढलं त्याच्या. त्या गर्दीत, त्या गुलालात, तो सुशांतकडं गेला नाही. माझं कुठं चुकलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

एवढ्यावर थांबतं तर काही बिघडत नव्हतं. साठीच्या माणसानं खूश व्हावं, त्यात कुणाचं काय जातं? पण शिवा दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आला तो छाती काढून, आणि सगळ्या पोरांसमोर सुशांतवर कडाडला.

"साठ वर्षांच्या म्हाताऱ्याचा राइट दिसला नाय तुला? अजून डावा खाली पडतो? राज्याला गेलास तर पहिल्या फेरीत झोपवतील! नाव घालवशील शेडचं! यंदा हृतिक जाईल."

हृतिक त्याच वजनातला दुसरा पोरगा. तोही दचकला. शिवानं तिथंच जिल्हा संघटनेच्या सचिवाला, दीनानाथला, फोन लावला आणि नाव देऊन टाकलं. सुशांत म्हणाला, "बरं सर." मग त्यानं हृतिकचे ग्लोव्हज उचलले आणि त्याच्या हातांना बांधून दिले.

आठवडा गेला. रविवारी सकाळी शिवा ओट्यावर चहा पीत बसला होता. शेजारी त्याची आई कमळाबाई कोलंबी सोलत होती. म्हातारीचे डोळे अधू झालेत, पण बोटं चालू आणि जीभ त्याहून चालू. ती एकदम म्हणाली, "शिवा, त्या पोराला घरी बसवलास म्हनं? आसा कसा रं तू? त्यानी तुजा मान राखला नि तूच त्याच्यावर उलटलास?"

"कसला मान?"

"आता कसला म्हंजे! भावेशनं सगल्यांना सांगितला व्हता, काकाला पडू द्याचा नाय. पोर गुनी, आपन होऊन गुडघा टेकला. तुला ठाव नाय?"

शिवानं हसायचा प्रयत्न केला. म्हणाला, "आई, तुला दिसत नाय नीट." आणि वेणूकडं पाहिलं. वेणू दारात उभी होती. तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. तेव्हा त्याला कळलं.

खोलीत जाऊन त्यानं मोबाइलवर लढतीचा व्हिडिओ लावला. वाढदिवसापासून त्यानं तो कितीतरी वेळा पाहिला होता, पण दर वेळी स्वतःलाच पाहिलं होतं. आज त्यानं सुशांतला पाहिलं. पोरानं जॅब टाकला. डावा हात मुद्दाम खाली आणला. पण शिवाचा उजवा लगेच सुटलाच नाही, दमला होता तो, खांदा उचलत नव्हता. आणि सुशांत तो हात तसाच खाली ठेवून, उघडा गाल पुढं करून थांबला होता. वाट बघत होता पोरगा, सरांचा ठोसा कधी येतो त्याची.

शिवानं मोबाइल पालथा घातला. मैदानात किती माणसं होती? हजारभर. त्या हजारांना माहीत होतं. पेढा भरवणाऱ्याला माहीत होतं, हार घालणाऱ्याला माहीत होतं, मागून "वा शेठ, काय राइट!" म्हणणाऱ्याला तर पक्कंच माहीत होतं. आणि मग त्याला ते षटकारही आठवले, दर वर्षीचे. "नजर शाबूत हाय माजी." हाय ना! धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. पण त्याहून वाईट ते पोर होतं. आपला मान राखायला त्यानं गाल पुढं केला आणि आपण त्याच्या ताटातलं काढून घेतलं, तेही पोरांसमोर ओरडून. शिवाला स्वतःची किळस आली.

करंजाड्याच्या सोसायटीत तो पायीच गेला, गाडी काढायचीही लाज वाटली. दार सुशांतच्या आईनं, आशालताबाईंनी उघडलं. "या ना सर," म्हणाल्या, पाणी आणलं, पण चेहरा सैल सोडला नाही. शिवा ग्लास हातात धरून बसला.

"सर, एक सांगू?" बाई म्हणाल्या. "याचे बाबा रोज म्हणतात, सरांना जाऊन खरं सांग. हा ऐकत नाही. म्हणतो, नको, सरांना लाज वाटेल."

आतून सुशांत आला आणि नेहमीसारखा पाया पडायला वाकला. शिवानं त्याचा खांदा धरून वर केलं.

"नको. मी विचारतो त्याचं उत्तर दे. माजं कुठं चुकलं?"

सुशांतनं मान खाली घातली. नियम त्यालाही ठाऊक होता, हे विचारलं की खरं सांगायचं असतं. तो म्हणाला, "तुम्हाला खरं वाटलं सर, तेवढंच."

शिवानं मोबाइल काढला. दीनानाथला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर टाकला, त्या दोघांसमोर. हा दीनानाथ म्हणजे त्याच्या दुसऱ्या सुवर्णपदकाच्या अंतिम लढतीत त्यानं ज्याला आडवा केला, तोच.

"दीना, सुशांतचं नाव घे. हृतिकचं नाव मी चुकून दिलं."

"चुकून? आता कसं बदलू? काय कारण सांगू लोकांना?"

आशालताबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. काहीही सांगता आलं असतं. ताप होता, हात दुखत होता, काहीही.

"माज्या वाढदिवसाला त्याला मी हरवला. म्हनून मी त्याचं नाव काढलं. पन तो मुद्दाम हरला व्हता."

दीनानाथ म्हणाला, "शिवा, तू साठ वर्षांचा. तो विशीतला, राज्याच्या तयारीतला. आणि तुला खरं वाटलं?"

"वाटलं," शिवा म्हणाला.

त्याला वाटलं, आता हा हसणार. दीनानाथ हसला नाही. म्हणाला, "मी पडलो होतो ना, तो खराखुरा पडलो होतो रे. तेवढं तरी विसरू नकोस. बुधवारी दोघांना घेऊन ये, आपसात लढू देत, जिंकेल तो जाईल." आणि फोन ठेवून दिला.

शिवा उठला. दारापाशी थांबून सुशांतला म्हणाला, "परत कधी माजा मान राखायचा नाय. शपथ घे." सुशांत म्हणाला, "घेतली सर." तिथून शिवा हृतिकच्या घरी गेला आणि तिथंही सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते पोर उलट म्हणालं, "सर, मला माहीत होतं." आता याला काय म्हणावं!

बुधवारी सुशांत जिंकला. राज्य स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. कोपऱ्यात पाण्याची बाटली धरून शिवाच उभा होता. गावानं पुन्हा फ्लेक्स लावले, आणि भावेशनं त्यातही काकांचाच फोटो मोठा छापला. शिवानं स्वतः जाऊन तो उतरवला.

जानेवारीत टूर्नामेंट आली. शिवा नाही म्हणत होता, पण माइकवरून नाव पुकारलं, लोकांनी हाताला धरून नेलं. बॅट हातात आली. त्यानं बॉलिंगच्या पोराला हाक मारली, "खरा टाक. माजी शपथ हाय तुला." पोरगं गोंधळलं. त्यानं मंडपातल्या भावेशकडं पाहिलं, आणि टाकला. हळू, सरळ, फुलटॉस.

शिवानं बॅट वर उचलली आणि चेंडू जाऊ दिला. मधला स्टंप हळूच कलला.

अंपायरनं घाईघाईनं हात आडवा केला आणि ओरडला, "नो बॉल!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइकवाला म्हणाला, "शेठना आणखी एक संधी!"

शिवा मैदानाच्या मधोमध उभा राहिला. सगळीकडं हसरे, प्रेमळ चेहरे होते, आणि त्याची नजर कुणाकडंच जाईना. "आउट हाय मी," तो म्हणाला. कुणी ऐकलंच नाही. मग त्याला सीमारेषेपाशी सुशांत दिसला. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्यानं शिवाकडं सरळ पाहिलं आणि उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

शिवानं बॅट काखेत मारली आणि तो मैदानाबाहेर चालत गेला.