मिस्त्रींचं नाक

गाडी दारात येऊन थांबली तरी मिस्त्री बॉनेटला हात लावायचे नाहीत. कमरेला खोचलेल्या फडक्याला हात पुसत ते मालकालाच म्हणायचे, "एक चक्कर मारा गाडीभवती. वास कुठं येतोय ते तुमी सांगा." मालक बिचारा चाकाशी, टाकीशी, बॉनेटशी वाकून हुंगत फिरायचा आणि मिस्त्री हात मागं बांधून त्याच्यामागून चालायचे.

भूमच्या बाजारात यावर विनोद व्हायचे. "मिस्त्री रोग्याकडनंच नाडी बघून घेतो," असं चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणायचं. मलाही ती त्यांची तऱ्हा वाटायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या लकबीला आपण हसतो आणि ती कशातून आली हे विचारायचं राहून जातं.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला होतो. बायको आणि पाच वर्षांची मुलगी तुळजापूरला माझ्या आईजवळ, आणि मी भूमला भाड्याच्या दोन खोल्यांत एकटा. शेजारच्या घरात मिस्त्री, तेही एकटे. त्यांची बायको करोनात गेली होती, लेक लग्न होऊन सांगलीकडं. उमेदीच्या वयात त्यांनी तुळजापूरला भाविकांच्या जीपगाड्या दुरुस्त केल्या होत्या. आता अंगणातल्या लिंबाखाली दिवसाला एखाददुसरी गाडी यायची. कामाला घाई नसायची. "घाई केली की बिघाड लपून बसतो," म्हणायचे.

शनिवारी घरी जाता यावं म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. महिनाभरात तिच्यात पेट्रोलचा वास येऊ लागला आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मुलीला त्या वासानं उलटी व्हायची. एका रविवारी मी तिच्यासाठी दार उघडून धरलं, तर ती आजीच्या पदराआड गेली. "बाबांच्या गाडीत नाही बसायचं मला," म्हणाली. आठवड्यातून दीड दिवस भेटणारा बाप मी. ते वाक्य भूमपर्यंत माझ्यासोबत आलं.

मिस्त्रींनी बिघाड दाखवणारं त्यांचं छोटं यंत्र गाडीला लावून पाहिलं. "पेट्रोल गळत न्हाय, सर. वाफ गळती." मग जमिनीवर खडूनं आकृती काढून समजावलं. उन्हानं टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून एका डब्यात कोळसा भरलेला असतो, तो वाफ पिऊन घेतो. गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. मध्ये कुठं चीर पडली की वाफ बाहेर.

टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं निघालं. ते बदललं, दिवा विझला. चार दिवसांनी पुन्हा लागला.

पुढच्या सुट्टीला माझ्याच अंगणात गाडीची मागची बाजू लोखंडी स्टँडवर उचलली. मिस्त्री आधी माझ्या खोलीत जाऊन देवाजवळचा दिवा विझलाय का ते बघून आले. मग पोतं अंथरून गाडीखाली शिरले. बराच वेळ टॉर्च फिरवत राहिले. "इथं काय न्हाय," म्हणाले. मी बाहेर मागच्या चाकापाशी बसलो होतो आणि मला तर भपकारे येत होते. शेवटी मीही खाली सरकलो. वास सगळ्यात जास्त कुठं होता, तर त्यांच्या तोंडापाशी. टाकीकडून डब्याकडं जाणाऱ्या वाफेच्या नळीपासून त्यांचं नाक वीतभरसुद्धा लांब नव्हतं.

"मिस्त्री, तुम्हाला येत नाही?"

ते वर बघत पडून राहिले. "न्हाय सर. तापात बायको गेली, तवाच वासबी गेला. दूध करपलं तरी कळत न्हाय." टॉर्च विझवत म्हणाले, "कुणाला बोललो न्हाय. मिस्त्रीला वास येत न्हाय म्हणल्यावर गाडी कोण आणंल?"

मग त्यांनी साबणाचं पाणी कालवलं. इंजिनाकडच्या टोकाला वाफेची नळी सोडवून तिथं सायकलचा पंप जोडला, आणि कोळशाच्या डब्याचं हवेचं तोंड बोळ्यानं बंद केलं. "हळू मारा. टाकी फुगवायची न्हाय, नुसती फुंकर घालायची." मी पंप मारत होतो, ते ब्रशनं फेस लावत होते. डब्यामागं वळलेल्या नळीवर एकदम बुडबुडे आले. उंदरानं कुरतडलं होतं. "सापडली," एवढंच म्हणाले, पण त्यांचा चेहरा फार दिवसांनी घरात पाहुणा यावा तसा झाला.

साधी पाण्याची नळी त्यांनी लावू दिली नाही, ती पेट्रोलच्या वाफेनं पाघळते. मी बार्शीहून योग्य ती नळी आणली. त्यांनी ती बसवली, पुन्हा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही. पुढच्या रविवारी मुलगी मागच्या सीटवर पाय पसरून बसली आणि वाटेत भेळ मागू लागली.

त्यानंतर मिस्त्री संध्याकाळी कुंपणावरून हाक मारायचे. "सर, जरा येऊन जाता का?" मी जाऊन त्यांच्या गॅसच्या शेगडीपाशी वास घ्यायचो, फ्रिजमधली भाजी हुंगायचो. "चांगली आहे," म्हटलं की ते दोन ताटं काढायचे. माझ्या भूममधल्या दिवसांत कुणाशी बोलत जेवलो असेन तर तेवढंच.

आणि मग मी ते टपरीवर सांगितलं. अगदी कौतुकानं सांगितलं. वास येत नसताना माणसानं नुसत्या फेसावर गळती कशी धरली, हे रंगवून सांगितलं. ऐकणाऱ्यांनी त्यातलं अर्धंच घेतलं. लिंबाखाली गाड्या येईनाशा झाल्या. कधी कुणी पंक्चर काढायला थांबायचं, तेवढंच.

मी त्यांच्याकडं जाऊन कबूल केलं. ते वाटाण्याच्या शेंगा सोलत होते. "खोटं तर न्हाय सांगितलं तुमी," म्हणाले, आणि सोलत राहिले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मात्र संध्याकाळची हाक बंद झाली. एकदा मीच कुंपणापाशी गेलो, तर खिडकीतून दिसलं, मिस्त्री गॅसच्या नळीला ब्रशनं साबणाचा फेस लावत होते आणि चष्मा सरकवून बुडबुडे येतात का ते बघत होते. मी हाक मारली नाही.

दिवाळीनंतर लेक येऊन त्यांना घेऊन गेली. निघताना त्यांनी माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, "दर सर्व्हिसिंगला नळ्या बघत जावा," म्हणाले, आणि जाऊन लेकीच्या गाडीत तिच्या शेजारी बसले.

नंतर एका दुपारी भूम-वाशी रस्त्यावरच्या खेड्यातला एक म्हातारा शेतकरी मोटारसायकल ढकलत आला. घामानं निथळत होता. बंद दाराकडं बघून त्यानं मला विचारलं, "मिस्त्री कुठं गेले ओ?"

"लेकीकडं. सांगलीला."

"कवा येतील?"

"सांगता येत नाही. बाजारात दुसरं गॅरेज आहे."

"व्हय, ते म्हाईतंय," तो म्हणाला. मी तांब्या दिला, तो पाणी प्यायला. मग तो लिंबाखाली बराच वेळ बसून राहिला. ऊन जरा कललं तेव्हा उठला आणि मोटारसायकल ढकलत आल्या रस्त्यानं परत गेला, बाजाराच्या उलट्या दिशेनं.