बाहेरून लावलेली कडी

कडी बाहेरून लागली. खट्. एवढाच आवाज.

आत मी आणि पलंगावर आजी. ऐंशीच्या पुढच्या, एका अंगावरून वारं गेलेलं. सरांच्या आई. सर कॉलेजात शिकवतात, त्यांच्या बायको, म्हणजे ताई, कचेरीत आहेत. सिंदी मेघेत त्यांचं घर. मी देवळीहून सकाळच्या बसने यायची आणि दिवस मावळताना परत जायची. आजींना पुसणं, भरवणं, कूस बदलणं, घाण काढणं हे माझं काम. पाहुणे आले की सर माझी ओळख ‘आमच्या सिस्टर’ अशी करून द्यायचे. मी नर्स नाही. पण ख्रिस्ती बाई म्हणजे सिस्टर, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

त्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. हॉलमध्ये दोघी महालक्ष्म्या जरीच्या साड्या नेसून उभ्या, वर फुलोरा टांगलेला, पुढे सोळा भाज्यांचं ताट. नैवेद्य दाखवला की पडदा ओढून घेतात आणि सगळे खोलीबाहेर होतात. तेवढा वेळ देवी जेवते. तेवढा वेळ घरात कुणी बोलत नाही, फिरत नाही. रीत चांगली आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण आजींच्या खोलीला वास येतो आणि आजींना सांभाळणारी बाई ख्रिस्ती. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, तरी आमची जात कुणी विसरलं नाही. म्हणून त्या घरात त्या दिवशी दोन दारं बंद झाली. एक देवीसाठी आणि एक आमच्यासाठी.

सर गोडच बोलले. “सोवळ्याचं काम आहे बाई. थोडा वेळ आतच राहाजा.” त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नाही. चिडावं तर कशावर चिडावं, असा माणूस.

सकाळी मी आजींना साखरेच्या आजाराची सुई टोचली होती. नाश्ता येतोच, असं ताई म्हणाल्या, म्हणून टोचली. पण नैवेद्याआधी स्वयंपाकघरातलं काही उष्टं होऊ द्यायचं नव्हतं. नाश्ता आलाच नाही. ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, हे मला माहीत होतं. ती चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

आजींच्या कपाळावर घाम आला. मग हात थरथरायला लागला, धड असलेला हात. डोळे फिरले. मी दार वाजवलं. आधी हळू, मग तळहाताने.

“सर, आजीची साखर उतरली. गूळ द्या, साखर द्या, काहीबी द्या.”

बाहेरून सरांचा दबका आवाज आला. “आवाज नोका करू बाई. महालक्ष्म्या जेवून राह्यल्या. दहा मिनिटं.”

दहा मिनिटं. दाराच्या फटीतून पुरणाचा वास येत होता. घरभर गोडधोड भरलेलं आणि इथे म्हातारी चिमूटभर साखरेवाचून चाललेली. मी पुन्हा दार वाजवलं. कुणी आलं नाही. मग मी माझी पिशवी पलंगावर पालथी केली. बसचं तिकीट, रुमाल, डबा आणि खोकल्यासाठी ठेवलेली खडीसाखर. औषधाच्या बाटलीच्या बुडाने ती कुटली, बोट ओलं केलं आणि आजींच्या गालाच्या आत चोळत राहिले.

ह्याच आजी हिंडत्याफिरत्या होत्या तेव्हा माझा कप पाणी शिंपडल्याशिवाय उचलायच्या नाहीत. त्यांचे यजमान आजारी होते तेव्हा मी ह्याच घरात कामाला होते, सगळं पाहिलेलं. मला त्या क्षणी ते आठवलं. हो, आठवलं. मी काही संत नाही. पण बोट थांबलं नाही. थोड्या वेळाने आजींनी तान्ह्या बाळासारखे माझ्या बोटावर ओठ मिटले आणि मला रडू आलं.

दार उघडलं तेव्हा पंगत बसायची वेळ झाली होती. ताई आत आल्या, आजींना शुद्धीवर बघून त्यांना हायसं वाटलं. काय दिलं, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझ्याजवळची खडीसाखर. बोटाने चोळली.

ताईंचा चेहरा उतरला. त्या बाहेर गेल्या आणि गडू घेऊन आल्या. माझ्यासमोर सासूचं तोंड उघडून त्यांनी चमच्याने गंगाजल घातलं. एक चमचा. मग आणखी एक. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सांभाळून घेतलं तू. तुमच्यात दयाच लय असते. बाहेर कोणाले सांगू नोको.”

मी म्हटलं, चालते.

मग माझं ताट आलं, पत्रावळीवर. मागच्या पायरीवर बसून मी जेवले. पोळी छान झाली होती. गंगाजलापेक्षा मला त्याच गोष्टीची जास्त लाज वाटते. मी पोटभर जेवले.

सोडून का नाही गेले? नवरा नाही. मुलगी बारावीला. घर माझ्या एकटीच्या हातावर. आणि दुसरं म्हणजे आजींची पाठ. मी दोन दिवस नाही आले तर त्यांच्या पाठीला जखमा होतील हे मला माहीत होतं. आणि मला ते माहीत आहे, हे ताईंना माहीत होतं. मी सुटी मागितली की त्या हळूच म्हणायच्या, आईकडे पाहा आणि मग ठरव. मी आजींकडे पाहायची. मग सुटी राहायची. कित्येक रविवारची उपासना अशीच बुडाली.

एका रविवारी कशीबशी चर्चला गेले आणि तिथल्या पाळकांना सगळं सांगितलं. दार, सुई, गडू, पत्रावळ. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आता म्हणतील की हे चूक झालं. पुढच्या रविवारी त्यांनी माझं नाव न घेता तेच उपदेशात सांगितलं. आपल्यातल्या एका भगिनीने अपमान गिळला, सेवा सोडली नाही, एका शब्दानेही उलट बोलली नाही. दया म्हणजे ही. सगळं चर्च आमेन म्हणालं. मीही म्हणाले.

घरात ताई म्हणत, तुमच्यात दया असते. चर्चमध्ये पाळक म्हणत, दया म्हणजे ही. दोन्हीकडून दार ओढून घेतलेलं, आणि मधे मी.

वर्षभर मी हे चघळत राहिले. एका दुपारी मी आजींची नखं कापत होते, तेव्हा त्या तुटक तुटक बोलल्या. “मी चाळीस वर्षं बसवल्या महालक्ष्म्या. आता मलेच कोंडते.” इतके दिवस मी समजत होते की कडी माझ्यासाठी होती. ती आजींसाठीही होती. माझा अपमान मी माफ केला असेल, तो माझा होता. पण आजींचा जीव चालला होता. तो माफ करायला मी कोण? मी गप्प बसले त्याला दया म्हणायचं नाही. ती भीती होती, आणि भीतीला मी येशूचं नाव दिलं होतं.

ह्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी देवळीच्या दुकानातून पेचकस घेतला. जेवणाच्या दिवशी सकाळी सगळे फुलोऱ्याखाली होते तेव्हा चार स्क्रू काढले. कडी पिशवीत टाकली. आजींची पोळी-भाजी मी घरून डब्यात आणली होती. आधी डबा उघडला, मग सुई, मग घास. आजींनी नको म्हटलं नाही.

नैवेद्याच्या वेळी सर आले. त्यांनी सवयीने कडीवर हात नेला. तिथे चार भोकं.

“कडी कुठं गेली?”

“माह्या पिशवीत हाय.”

मागून ताई आल्या. मी आजींना खुर्चीत बसवलं होतं, चाकाच्या, आणि खुर्ची उंबऱ्याशी आणली होती. मी सांगितलं की देवी जेवताना आम्ही आवाज करणार नाही, पडद्याला हात लावणार नाही. पण दार उघडं राहील. पडदा सरला की आजी इथूनच मुखवटे पाहतील.

सर हळूच म्हणाले, “तुमच्या धर्मात हेच शिकवते काय बाई?”

“हो,” मी म्हटलं. “हेच शिकवते.”

दार उघडं राहिलं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून असेल. पडदा सरल्यावर आजींनी धड हात कपाळाला लावला. संध्याकाळी ताईंनी सांगितलं, उद्यापासून येऊ नोको.

नाही गेले. झोप नव्हती, आजींची पाठ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तरी नाही गेले. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. दोन बाया येऊन पळाल्या, आईच्या पाठीले जखम झाली, तुम्ही या.

मी म्हटलं, येते. ज्या कपात तुम्ही पिता त्या कपात पिईन. रविवारी येणार नाही. आणि त्या दाराला बाहेरून पुन्हा काही बसवलं, तर आजींना घेऊन रस्त्यावर बसेन. सर ‘बरं’ म्हणाले. ते ‘बरं’ किती दिवस टिकतं, मला माहीत नाही. पेचकस पिशवीतच ठेवला आहे.

आज शनिवार. उद्या उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे स्वतःचा अनुभव सगळ्यांना सांगायची वेळ येईल तेव्हा मी उभी राहणार आहे. पाळकांनी माझी गोष्ट अर्धी सांगितली होती. मी गडूचं सांगणार, पत्रावळीचं सांगणार, मी पोटभर जेवले तेही सांगणार. मग पिशवीतली कडी काढून पाळकांसमोरच्या मेजावर ठेवणार. कुणी आमेन म्हणो, न म्हणो. मी खाली बसणार नाही, पूर्ण सांगून होईपर्यंत.