सहाव्या रिळासाठी बदलापूर ते कॅम्प तीन

माझं सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी, चहा गाळताना. केतकी बाल्कनीत फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अर्धवट आहे तो. पण मला आवडतो."

अर्धा चहा ओट्यावर.

आधी आम्ही कोण ते सांगतो. बदलापूर पूर्वेला, कात्रपला, प्रधानकाकांचा टू बीएचके आहे. काका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या जागी त्यांनीच बांधलेलं, रिळं स्कॅन करायचं मशीन आहे. तलवारबाजीचे, घोडेस्वारीचे जुने मूकपट साफ करून घरी टीव्हीवर बघता येतील अशा डिस्क आम्ही काढतो. काका रिळं धुतात, मी एकेका फ्रेमवरचे ओरखडे कम्प्युटरवर पुसतो आणि केतकी मधल्या मजकुराच्या पाट्या नव्याने लिहिते. मागची डिस्क एका गिऱ्हाइकाने 'आवाज येत नाही, पीस डिफेक्टिव्ह' म्हणून परत पाठवली. अहो, मूकपट आहे तो! अशा लोकांसाठी मी डोळे फोडून घेतो.

आता हा 'अर्धवट' शब्द. अर्धवट म्हणजे अपुरा, आणि अर्धवट म्हणजे डोक्याने कमी. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडल्यापासून घरी मला तो दोन्ही अर्थांनी ऐकवतात. पण केतकीने? डोकंच फिरलं. पुढचे दोन दिवस मी त्या एका शब्दावर चिडत होतो आणि त्याच्या मागून आलेल्या तीन शब्दांवर जगत होतो.

ठरवलं, एक गोष्ट पूर्ण करून दाखवायचीच. सध्या हातात असलेल्या सिनेमाची काकांना चोरबाजारात पाचच रिळं मिळालीत. पाचवं संपतं तेव्हा नायक बुरुजावरून दोरीला लटकलेला आहे. वर नायिका, एका हातात दोर, दुसऱ्या हातात तलवार. पुढे काय, देव जाणे. डब्याच्या झाकणावर अंबरनाथच्या एका तंबू-थेटरवाल्याचा पत्ता होता. शुक्रवारी सकाळी स्कूटर काढली.

"मिळालंच तर उन्हात ठेवू नकोस," काका म्हणाले. "जुनी फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही. तुझीच जात."

केतकी फक्त "हेल्मेट घे" म्हणाली. त्या दोन शब्दांचा अर्थ मी अंबरनाथपर्यंत लावत होतो.

जाणाऱ्यांसाठी सूचना: नऊच्या आत निघा. मॅप वीस मिनिटं सांगतो, मला पन्नास लागली. एक बाजू काँक्रीटची, दुसरी खोदलेली, आणि दोन्हींवर उलटे येणारे रिक्षावाले. फॉरेस्ट नाक्यावर एकाने मलाच सुनावलं, "देख के चल ना भाऊ!" उतरून भांडणार होतो, पण मागून एवढे हॉर्न वाजले की त्याच्यापर्यंत आवाज पोचलाच नसता.

शिवमंदिर बघायचं तर सकाळीच बघा, दगड तापायच्या आत. मी बघितलं नाही. मागच्या गल्लीत तंबूवाल्यांचं घर सापडलं. त्यांच्या सत्तरीच्या सूनबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"रिळं? सासरे गेले आणि विकली. झाली की चाळीसेक वर्षं."

तेवढ्यात आतल्या फळीवर मला तो दिसला. पत्र्याचा गोल डबा, झाकणावर रंगवलेला ठळक ६. विचारायच्या आधीच झाकण उघडलं.

पोहे. जाडे पोहे.

"काकू, यातलं रीळ?"

"काढून दिलं ना! सहा डबे होते. हा तेवढा घट्ट झाकणाचा. म्हटलं, मुंगी लागणार नाही. एक ठेवून घेतला."

"सिनेमाचा शेवट होता तो!"

"आणि पोह्यांना मुंग्या लागल्या असत्या ते? बस. खाऊन जा."

खाल्ले. चांगले होते, हा आणखी एक संताप. निघताना त्यांनी किलोभर पिशवीत बांधूनही दिले आणि रिळं नेणाऱ्या उल्हासनगरच्या भंगारवाल्याचा पत्ता सांगितला.

लालचक्कीला अर्धा तास अडकलो. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये स्कूटर लावायला जागा शोधू नका, नाहीये. दाल-पकवान मात्र जरूर खा. चाळीस रुपयांत जेवण होतं. भंगाराच्या दुकानात ऐंशीच्या पुढचे सिंधी दादा बसले होते. त्यांना सगळं आठवत होतं, हेच वाईट.

"पाच डब्बे बंबईवाला घेऊन गेला," ते म्हणाले. "एक खुला होता, बिना डब्ब्याचा. खुला माल कोण घेतो, बेटा? चुडीवाल्याला दिला."

"बांगडीवाला रिळाचं काय करणार?"

"फोटो धुऊन टाकायचा, चांदी वेगळी काढायची. मग खाली साफ पट्टी राहते, तिची चुडी." त्यांनी गल्ल्यामागून एक बांगडी काढली, मधाच्या रंगाची. "त्याने माझ्या घरवालीसाठी दोन दिल्या. एक फुटली. आता घालणारी पण नाही."

"त्याच रिळाची कशावरून?"

"कशावरून नाय. घेऊन जा. तुझी पिक्चर आहे."

चारला कात्रपला परत. काका आत झोपले होते. केतकी पाटी लिहीत होती. मी बांगडी टेबलावर ठेवली. "हे सहावं रीळ."

पोह्यांपासून सगळं सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बांगडी हातात चढवून उजेडात धरली. बरोब्बर बसली. मला वाटलं, हीच वेळ.

"मंगळवारी तू मला अर्धवट म्हणालीस."

"तुला?" ती गोंधळली. "अरे, सिनेमाबद्दल बोलत होते मी! अर्धवट आहे, पण मला आवडतो, तसाच काढू या म्हणून." तिने पाटी माझ्याकडे फिरवली. 'येथून पुढचे रीळ मिळाले नाही.' "तुला मी कशाला अर्धवट म्हणेन?"

बरोबर. मला ती का म्हणेल? शिवी पुसली गेली, आणि तिला चिकटलेले ते तीन शब्दही. एवढे ओरखडे पुसले, पण ओरखड्याबरोबर चित्रच गेलं असं पहिल्यांदा झालं.

तिचं हसू थांबलं. कळलं असावं.

"रोहन... बांगडी परत देऊ?"

"राहू दे."

पेट्रोल दोनशेचं, किलोभर पोहे, आणि एक शेवट जो कुणालाच दिसणार नाही. प्रवासातून उरलं ते एवढंच. हेल्मेट उचललं आणि बाहेर आलो. काका झोपले होते, म्हणून दार आपटताही आलं नाही. हळूच लावून घेतलं.