सदूची पहिली पेज

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर या. दुपार आहे. पाळण्याची दोरी तुमच्या हातात आहे, पाळण्यात तुमचा सहा महिन्यांचा भाऊ सदू झोपलाय. संध्याकाळी त्याला पहिल्यांदाच नाचणीच्या सत्त्वाची पेज भरवायची आहे. दुकानातला डबा परवडत नाही, म्हणून आईने घरातली उरलीसुरली नाचणी भिजवली, फडक्यात बांधली आणि गाठोडं तुमच्यावर सोपवलं. सकाळ-संध्याकाळ सोडायचं, धुवायचं, पुन्हा बांधायचं, एवढंच काम. सागरगोट्यांच्या नादात तुम्ही दोन दिवस ते विसरलात. मोड बुळबुळीत झाले, वर पांढरी बुरशी धरली, आंबूस घाण येऊ लागली. तुम्ही सगळं गुपचूप धुतलंत, वाळवलंत आणि जरा जास्तच भाजलंत. वास गेला. आईने दळलं, वस्त्रगाळ करून डब्यात भरलं. तिला काही कळलं नाही.

ती नऊ वर्षांची मुलगी मी.

दोरी ओढता ओढता माझा हात जड होतो. कुणीतरी दोरी अलगद माझ्या मुठीतून सोडवून घेतं.

अनसाआत्या. श्रावणात तापाने गेलेली माझी आत्या. आळीतल्या प्रत्येक बाळाचं सत्त्व तीच करायची.

"झोपलीस होय गं, सुगरणबाई?"

"नाही आत्या."

"मग ऊठ. पंगत खोळंबलीय."

मी उठते तर पायाखाली शाळेची फरशी आहे. वर्गात बाळं रांगेने बसली आहेत. एवढी लहान बाळं अशी ताठ बसत नाहीत, आणि एकही रडत नाही. रांग फळ्यापाशी संपत नाही. तिथून विहिरीच्या पायऱ्या सुरू होतात आणि बाळं खाली, पाण्यापर्यंत बसली आहेत.

"वाढ," आत्या म्हणते.

"आधी तू बघ ना."

ती डब्यात तीन बोटं खुपसते, पीठ नाकाशी नेते. "खमंग आहे हो. घाण कुठं गेली?"

"भाजली."

"घाण भाजलीस. आणि नासलेलं?" ती हसते. "शहाणी माझी ती!"

"दुसरी नाचणी नाही आत्या. आई मारेल मला."

"मारेल की. लागेलही."

शेवटच्या पायरीवर सदू बसलाय. पाणी त्याच्या पायाला लागतंय. त्याने वाटी दोन्ही हातांनी उचललीय.

"आत्या, सदू इथं कशाला?"

"माझ्याबरोबर येतोय," ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणते. "मला एकटीला तिकडं करमत नाही गं."

मी दचकून उठते. पाळणा रिकामा आहे, अजून हलतोय. शेजारी सत्त्वाचा डबा उघडा पडलाय आणि सपाट पिठात तीन बोटांच्या खोल खुणा आहेत. मी माझी बोटं त्यांत घालून बघते. खुणा माझ्या बोटांना सैल होतात.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो, "आ कर रे माझ्या राजा."

सदू तिच्या मांडीवर आहे. ती चमच्यावर फुंकर घालतेय.

मी धावत जाते, चमचा उडवते आणि वाटी चुलीच्या राखेत पालथी करते. आईची चपराक गालावर बसते. मी दुसरा गाल झाकत नाही. तिथेच बसून, अगदी गाठोड्यापासून, सगळं सांगायला लागते.